विमानाचा डावा पाय

मंगळवार, ५ मार्च

फोनवर बोलावं कसं, हे लोकांना कोणी शिकवतच नाही. दुपारी फ्लाइंग क्लबच्या कारकुनाचा फोन आला. “बाई, घाबरू नका,” एवढं म्हणून तो खोकत बसला. अरे, इथे थांबायचं असतं का? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. वाईट बातमीचे कॉल जोडण्यात माझी हयात गेली. नियम एकच: माणूस जिवंत आहे की नाही ते आधी सांगा, मग हवं तेवढं खोका.

राई जिवंत आहे. डावं मनगट मोडलंय, कपाळावर खोक पडलीय, बाकी ठीक आहे.

राई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची लेक. जन्मली तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढी होती, म्हणून राई. पुढेही अंगानं फारशी वाढली नाही. ती बालवाडीत असताना तिची आई गेली. तेव्हा मी माझी ट्रंक घेऊन ‘थोडे दिवस’ या घरात आले, ती आलेच. राई क्लबमध्ये लोकांना विमान चालवायला शिकवते, आणि धाकटा तिथलाच मुख्य मेकॅनिक. त्याची सही झाल्याशिवाय तिथलं विमान जागचं हलत नाही.

आज तिच्यासोबत शिकायला एक दाताचे डॉक्टर होते, पन्नाशीचे. विमान खाली टेकलं, थोडं धावलं आणि डाव्या चाकाचा पाय मोडला. मग पंख घासत, गोल फिरत ते गवतात जाऊन थांबलं. डॉक्टरांचा पुढचा दात तुटला. देवाला विनोदबुद्धी असते, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कधी म्हणाल्या नाहीत, पण असावी.

हॉस्पिटलात क्लबचे अध्यक्ष आधीच हजर. फुलं नाहीत, फळं नाहीत, हातात फक्त मोबाइल. “जरा जोरात उतरलं का?” असं त्यांनी विचारलं, आणि आमची राई म्हणाली, “हो. मीच आपटलं.”

मी तिथेच म्हटलं, “खोटं! ही मुलगी स्कूटर थांबवते तेव्हा मागे बसलेल्या मला घर आलेलं कळत नाही.”

“आत्या, तू गप्प बस ना,” राई म्हणाली. मला! गप्प!

बुधवार, ६ मार्च

घरी आणलं. एका हातानं वेणी घालता येत नाही म्हणून मी घालून दिली. शाळेत असताना घट्ट झाली की ओरडायची. आज मी मुद्दाम घट्ट घातली, तरी ओरडली नाही. डोक्याला मार लागलाय हे नक्की.

धाकट्याला क्लबनं घरी बसवलंय. चौकशी अधिकारी येईपर्यंत हँगरला कुलूप, मोडलेलं विमान आत, आणि कोणी हात लावायचा नाही. काल तो विमानाकडे धावला, पण त्याला फक्त पोरगी दिसली; पाय कसा मोडला ते त्यानं पाहिलंच नाही.

जेवताना त्यानं विचारलं, “कुठून मोडला ग?”

“वरून. अगदी सांध्यापाशी.”

“सांध्यापाशी? तिथून कसा मोडेल?”

“मला काय माहीत, बाबा! मी काय फूटपट्टी घेऊन उतरले होते?”

तो भात चिवडत बसला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज शेवटी किंचित वर जातो, हे मी एक्स्चेंजमध्ये शिकले. राईचा गेला. पण ती कशाला खोटं बोलेल? मनगट ठणकत असेल.

शुक्रवार, ८ मार्च

दातवाले डॉक्टर आले. मोसंबी घेऊन आले, आणि तात्पुरता दात बसवून आले. हसले की तो बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसतो. माझ्याशी दोन वाक्यं बोलले आणि राईसोबत गच्चीवर गेले. मी चोरून ऐकत नाही. वाळलेले कपडे काढायला जिन्यात गेले होते.

“मला बोलू द्या हो,” डॉक्टर म्हणत होते. “मला हे असं मनात ठेवणं जमत नाहीये.”

“नाही. बाबांना कळलं तर ते कोलमडतील.”

“पण कधी ना कधी कळणारच.”

“डॉक्टर, प्लीज. माझ्यासाठी.”

माझ्या हातातला टॉवेल पायरीवर पडला. म्हणजे हे असं आहे तर! वय बघा त्या माणसाचं! विमान शिकायला येतात म्हणे. आता कळलं ही मुलगी जेवत का नाही आणि मधेच डोळे का पुसते. निघताना मी डॉक्टरांना म्हटलं, “आमच्या घरात कोणाचे दात दुखत नाहीत. उगाच येण्याचे कष्ट घेऊ नका.” ते म्हणाले, “तुमचं घर फार चांगलं आहे हो,” आणि त्यांचे डोळे भरून आले. निर्लज्ज.

शनिवार, ९ मार्च

अध्यक्षांनी वर्तमानपत्रात बातमी दिली. ‘वैमानिकेच्या चुकीमुळे अपघात.’ चौकशी व्हायच्या आधीच! मी त्यांना फोन करून सांगितलं की निकाल आधी आणि खटला नंतर ही पद्धत आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फक्त मदर सुपीरिअरची होती, आणि तीसुद्धा छापून आणत नसे. राईचं लायसन्स जाणार असं सगळे बोलतायत. ज्या पोरीनं उभ्या आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही, तिचं.

धाकटा व्हरांड्यात बसून होता. मी विचारलं, “काय रे, एवढा जाडजूड लोखंडाचा पाय एकदा आपटल्यानं मोडतो?”

त्यानं माझ्या अंबाड्यातला आकडा काढून घेतला, विचारलंही नाही. तो वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला. “बघ, काही झालं नाही ना?” असं म्हणत वाकवत राहिला, आणि एकदा फारसा जोर न लावताच आकड्याचे दोन तुकडे झाले.

“ताई, धातू एका दणक्यानं क्वचित मोडतो. तो दमून मोडतो. आधी कुठेतरी केसाएवढा तडा जातो. मग दर उतरण्याला तो कणभर वाढतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं. विमान उडतं, उतरतं, आपण सही करतो.”

“मग तो तडा तुला दिसला नाही?”

“नाही दिसला,” तो म्हणाला. “तेच शोधतोय. डोळे मिटून तो पाय सबंध आठवतोय. भिंग घेऊन बघतो ग मी. कुठे राहिला असेल?”

मी म्हटलं, आकडा भरून दे माझा. त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता बहुतेक. पण आमच्यात ती रीत नाही.

रविवार, १० मार्च

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी राईची उडायला जातानाची पिशवी साफ करायला घेतली. आत मी दिलेला निळा स्कार्फ, आणि त्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडून बघते तर लोखंडी पट्टा, अर्धगोल, त्याला चवडा टेकेल एवढी एक पायरी, आणि सगळं आतून गंजलेलं. माझ्या स्कार्फची वाट लागली. मी ते धूड नेऊन धाकट्याच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर आपटलं. “हे भंगार कोणाचं? तुझ्या लेकीला गुंडाळायला दुसरं फडकं मिळालं नाही?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. पट्टा उलटा केला. आतून बोट फिरवलं, आणि बोटाला आलेला गंज बघत राहिला.

“ताई, हे मी केलंय.”

मग हळूहळू सगळं बोलला. राई सतराची असताना शिकायला लागली. त्या विमानाच्या टाक्या वर पंखात. उडण्याआधी झाकण उघडून आत डोकावून इंधन बघायचं असतं, आणि हिचा हात पोचायचा नाही. उड्या मारायची. बाकीचे हसायचे. एक दिवस कोणीतरी म्हणालं, बेबीला कडेवर घ्या. त्या रविवारी यानं ह्याच व्हरांड्यात बसून पायरी घडवली आणि पट्ट्यानं विमानाच्या पायाला आवळून टाकली.

“त्या पायाला काही बांधायचं नसतं ताई. पुस्तकात नाही. शिकाऊ मेकॅनिकांना मीच ओरडून सांगतो. पण एवढीशी ती पायरी. आणि नंतर सगळेच वापरायला लागले.”

“मग तपासताना?”

“सगळा पाय तपासायचो. पट्टा सोडून आत मात्र कधी बघितलं नाही.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तो माझ्या हातचा होता ना. आपल्याच हातचं काम उघडून कोण बघतं? आत पाणी साठलं, रंग गेला, गंजानं खड्डे पाडले. तडा तिथून निघाला.”

राई दारात उभी होती. गळ्यात अडकवलेला हात, एका बाजूला कललेली. “बाबा, तुम्ही ते बघायचं नव्हतं.”

“तू पाहिलंस.”

“बाहेर रांगत आले तेव्हाच. मोडलेलं टोक समोर होतं. सगळं जुनं, तपकिरी, आणि कडेला नखाएवढा भाग नवा, चमकणारा. बरोबर पायरीच्या खाली. बोल्ट तुटून हा पट्टा गवतात पडला होता, तो उचलून पिशवीत टाकला.” ती खुर्चीवर बसली. “तुमचं लायसन्स गेलं तर तुम्ही काय करणार? माझं गेलं तर मी दुसरं काहीतरी करीन. डॉक्टरांनाही सांगितलं, गप्प राहा. ते आल्यापासून एकच म्हणतायत, विमान पिसासारखं टेकलं होतं, मला सांगू द्या.”

(डॉक्टरांबद्दल मी जे लिहिलं होतं ते खोडणार नाही. दैनंदिनी आहे. पण निर्लज्ज हा शब्द मागे घेते.)

मला वाटलं धाकटा आता रडेल. पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. तो उभा राहिला. “राई, जुळं.”

जुळं म्हणजे क्लबचं दुसरं विमान, त्याच वयाचं. दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या क्लबला विकलेलं.

“त्याला कुठे होती पायरी?” राई म्हणाली.

“विकताना बसवून दिली. त्यांना आपली आवडली, म्हणून. तिथलं मैदान खडबडीत आहे ग. गवताचं. रोज उतरतात.”

राईचा चेहरा असा पांढरा पडलेला मी अपघाताच्या दिवशीही पाहिला नव्हता. पाच दिवस तिनं तो पट्टा स्कार्फमध्ये ठेवला होता. तिकडे पाच दिवस ते विमान उडत होतं. ती उठली, आणि चांगल्या हातानं फोन उचलून माझ्यासमोर धरला.

त्या क्लबचा फोन नुसता वाजत राहिला. रविवार! धाकटा म्हणाला, उद्या. मी म्हटलं, बाजूला हो. टेलिफोनच्या चौकशीला फोन लावला, तिथून त्या गावच्या अग्निशामक दलाला. आवाज माझा जुना काढला, ज्याच्यापुढे मोठे मोठे साहेब ‘होल्ड करतो मॅडम’ म्हणायचे. अग्निशामकवाल्याला क्लबचा मेकॅनिक माहीत नव्हता, पण मेकॅनिकची बायको कपडे शिवते हे माहीत होतं. तिचा नंबर मिळाला. ती म्हणाली, ते मैदानावर आहेत, मोबाइल गाडीत ठेवतात. मी म्हटलं, “बाई, शेजाऱ्याची मोटारसायकल पाठवा. कारण नंतर विचारा.”

मग आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. वाजला तेव्हा मी उचलला, “बोला, देते,” म्हटलं आणि रिसीव्हर धाकट्याच्या हातात दिला. तो माझ्याकडेच बघू लागला. मी त्याच्या कानात म्हटलं, “आधी काय करायचं ते सांग. मग चूक.”

“विमान उडवू नका,” तो म्हणाला. “डाव्या पायावरची पायरी सोडा. आतून पुसा. मग नख फिरवा, तडा असेल तर अडकेल.” आणि मग, स्पष्ट, आवाज जराही वर न जाता: “ती मी बसवली होती. माझी चूक आहे.”

पलीकडचा म्हणाला, टाकी भरून ठेवलीय, चारला दोघं वर जाणार होते. लाइन धरून ठेवा. आम्ही धरून ठेवली. पान्याचा आवाज येत होता, वारा, कोणीतरी हसत होतं. मग हसणं थांबलं.

“नख अडकतंय,” तो माणूस म्हणाला.

धाकट्यानं रिसीव्हर ठेवला तो उलटा. मी सरळ केला. राईनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं होतं, आणि तिचं प्लास्टर त्याच्या बरगड्यांत रुतत असणार. तो हलला नाही.

सोमवार, ११ मार्च

वरचं वाचून कोणाला वाटेल की मग सगळं गोड झालं. कसलं काय! काल रात्री दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून राई बापाशी बोलत नाही. तो चौकशीत सगळं सांगणार म्हणून. म्हणते, तिकडचं विमान वाचलं ना, आता पट्टा नदीत टाका, मी आपटलं म्हणून सांगते. तो म्हणतो, तू नव्हतंस आपटलं. ती म्हणते, तुम्ही होतात का आत?

“एकमेकांसाठी मरायची एवढी हौस असेल तर आळीपाळीनं मरा,” मी म्हटलं, “पण जेवून घ्या.” कोणी हसलं नाही.

नंतर राई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. “आत्या, त्यांना थांबव ना. ते तुझं ऐकतात.”

“हो. म्हणूनच नाही थांबवणार.”

“तुला वाईट वाटत नाही?”

काय विचारते! मी कांदा चिरत होते, बरं झालं.

गुरुवार, १४ मार्च

चौकशी अधिकारी घरी आली. बाई निघाली, तरुण, चपला बाहेर काढून आत येणारी. तिनं हँगरमध्ये मोडकं टोक आधीच पाहिलं होतं. म्हणाली, “हे जोरात आपटून मोडलेलं नाही, एवढं मला कळतंय. इथे काय बांधलं होतं ते कळत नाहीये.”

राईनं तोंड उघडायच्या आत धाकट्यानं पट्टा टेबलावर ठेवला. राई म्हणाली, “माझ्यासाठी केला होता. मी सतरा वर्षांची होते.” अधिकारी म्हणाली, “मग तुम्हाला दोषी धरू का?” राई म्हणाली, “हो.” ती अधिकारी हसली नाही. तिनं दोघांकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग पाणी मागितलं.

डॉक्टर साक्ष द्यायला आले होते. “बाई, मी रोज माणसांच्या तोंडात हात घालतो. हलका हात कशाला म्हणतात ते मला कळतं,” ते म्हणाले. मी त्यांना दोनदा चहा दिला. अध्यक्ष म्हणाले की पायरीबद्दल आपल्याला काही कल्पना नव्हती. “रोज तिच्यावर चढूनच तुम्ही फोटो काढून घेता,” मी म्हटलं. मला बोलायची परवानगी नव्हती, असं नंतर कळलं.

शनिवार, ३० मार्च

निकाल आला. राईवर दोष नाही. मनगट बरं झालं की परीक्षकासोबत एक उड्डाण, मग मोकळी. धाकट्याचा सहीचा अधिकार काढून घेतला. कायमचा. स्वतः पुढे येऊन दुसरं विमान थांबवलं म्हणून खटला नाही.

तो हत्यारांची पेटी घेऊन घरी आला. आत कुठे ठेवावी ते त्याला कळेना. हातात घेऊन खोल्यांमधून फिरत होता. राईनं ती त्याच्याकडून घेतली. तिला एका हातानं पेलवेना, म्हणून दुसरी कडी त्यानं धरली. अशी दोघांनी मिळून ती पेटी नेऊन तिच्या पलंगाखाली ठेवली. इतक्या दिवसांत बापाशी तिचं पहिलं वाक्य: “बाबा, तिकडे सरका, माझा पाय चेंगरला.”

मला दोघांवरून जीव ओवाळून टाकावासा वाटला. म्हटलं, “फरशीवर ओरखडे पाडलेत.”

शनिवार, ११ मे

आज राईचं परीक्षकासोबतचं उड्डाण. धाकटा म्हणाला, मी येत नाही. मी म्हटलं, मग मीही नाही, तिनं एकटीनंच जावं. तेव्हा शर्ट बदलून आला.

कुंपणाबाहेर एक बाक आहे, तिथे बसलो. विमान नवं नाही, पण पाय उघडा, स्वच्छ; नव्या मेकॅनिकनं भिंग घेऊन बघितल्याचं आम्हाला दिसलं. धाकटा म्हणाला, “चांगला आहे तो. सावकाश बघतो.” एवढंच.

वर गेली. फिरली. छोटी झाली, पुन्हा मोठी झाली. उतरायला वळली तसे यानं डोळे मिटले आणि माझा हात धरला.

“ताई, तू सांग.”

“काय सांगू?”

“जसं दिसेल तसं.”

मग मी सांगू लागले, जसे कॉल जोडायचे तसे, सपाट आवाजात. “सरळ आलीय. झाडांवर आलीय. खाली. अजून खाली. पंख समान आहेत. हात सोड, बांगडी रुततेय.” त्यानं सोडला नाही. मी बोलत राहिले आणि मधेच माझा आवाज बंद पडला, काय झालं कोण जाणे.

“ताई? टेकलं का?”

“कधीच. धावतंय.”

“मला आवाज नाही आला.”

“मला तरी कुठे आला? मी बघत होते तरी कळलं नाही.”

त्यानं श्वास सोडला. अजून डोळे मिटलेलेच. विमान आमच्या समोरून हळूहळू जाऊ लागलं आणि खिडकीतून एक बारका हात बाहेर आला.

“उघड आता डोळे,” मी म्हटलं. “ती हात हलवतेय, आणि तू झोपल्यासारखा दिसतोयस.”

मग आम्ही दोघंही हात हलवत राहिलो. विमान हँगरमध्ये गेलं, तरी.